खडा म्हणतो ‘पी’, डोळा म्हणतो ‘जरा थांब’

पत्राचा गोषवारा: वाचक गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले, वय ६१, स्वतःचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग). दोन वर्षांपूर्वी काचबिंदूचं निदान झालं. तेव्हापासून दोन्ही डोळ्यांत रोज रात्री एकेक थेंब घालतात, आणि डोळ्यांचा दाब १७-१८ वर टिकून होता. गेल्या वर्षी मुतखडा पडला. ‘रोज तीन लिटर पाणी प्या’ असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून पहाटे उठल्याउठल्या सव्वा लिटर पाणी एका दमात पिऊन टाकायची सवय लावून घेतली. त्यावर अर्धा तास योगासनं, शेवटी शीर्षासन. बीपीची एक गोळी सकाळी, एक रात्री. गेल्या महिन्यात पोटाच्या सोनोग्राफीसाठी इस्पितळात गेले. बाटलीभर पाणी पिऊन झालं, लघवी लागायला वेळ होता, म्हणून तेवढ्यात वरच्या मजल्यावर डोळे तपासून घेतले. दाब निघाला उजव्यात २५, डाव्यात २४. ‘पंधरवड्याने या, तसाच राहिला तर दुसरे ड्रॉप्स वाढवू,’ असं डॉक्टर म्हणाले. घरी मुलीने मोबाइलवर वाचून दाखवलं की पाणी प्यायल्याने डोळ्याचा दाब वाढतो. त्या दिवसापासून यांनी पाणी दिवसाला जेमतेम लिटरभर केलं. आता लघवी गडद, जळजळते, कंबर दुखते, अंथरुणातून उठताना अंधारी येते. भाचा सांगतो, पाणी तोडलं तर रक्त घट्ट होऊन डोळ्याच्या पडद्याची नस चोंदेल. ‘डोळे वाचवू की किडनी?’ असं ते विचारतात. ताजा कलम: ‘काजूचा हंगाम आला. नीरो (काजूच्या बोंडूंचा ताजा रस) चालेल का?’

नमस्कार,

हे वाचता वाचताच एक पेला पाणी जवळ घ्या आणि घोट घोट प्या. गडद लघवी, जळजळ, अंधारी हे सगळं पाणी कमी पडल्याचं दिसतंय. कंबरदुखीसोबत थंडी वाजून ताप आला, लघवीतून रक्त गेलं किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. ते प्रकरण सल्ल्याच्या सदरात सुटणारं नाही.

आता तुमचा पेच. डोळे आणि किडनी यांचं भांडण आहे असं तुम्ही धरून चालला आहात. ते तेवढं नाही. किडनीला दिवसाच्या बेरजेशी मतलब असतो: चोवीस तासांत किती पाणी आलं आणि किती लघवी झाली. डोळ्याला त्या बेरजेशी फारसं देणंघेणं नाही. त्याला वेग जाणवतो. तीन लिटर पाणी दिवसभरात थोडं थोडं गेलं तर डोळ्याला पत्ताही लागत नाही. त्यातलं लिटरभर पाच मिनिटांत गेलं, तर तासभर तरी लागतो.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: सोनोग्राफीसाठी बाटलीभर पाणी प्यायलो आणि लघवी लागेपर्यंत वर जाऊन डोळे तपासून घेतले. नेत्रतज्ज्ञांकडे ‘वॉटर ड्रिंकिंग टेस्ट’ नावाची जुनी चाचणी आहे. रुग्णाला पाच मिनिटांत साधारण एक लिटर पाणी पाजतात, काही ठिकाणी वजनाच्या किलोमागे १० मिली. मग दर पंधरा मिनिटांनी पाऊण ते एक तास डोळ्याचा दाब मोजतात. एकेकाळी काचबिंदू ओळखण्यासाठी ती वापरत. त्या कामाला ती भरवशाची ठरली नाही, म्हणून मागे पडली. आता काही तज्ज्ञ तिचा वेगळा उपयोग करतात. ताण पडल्यावर डोळ्यातून पाण्याचा निचरा कितपत होतो आणि दाब कुठवर चढू शकतो, याचा अंदाज ते तिच्यावरून घेतात. तुम्ही सोनोग्राफीच्या निमित्ताने, कुणीही न सांगता, हीच चाचणी देऊन आलात. आणि पहाटेचा सव्वा लिटर हिशोबात धरला, तर रोजच देत होता.

या चाचणीत निरोगी डोळ्याचा दाब साधारण २ ते ४ आकड्यांनी वर जातो. काचबिंदूच्या डोळ्यात ५-६, काहींच्या त्याहूनही जास्त. सर्वांत वरचा आकडा बहुधा पंधरा ते तीस मिनिटांत येतो, आणि तासाभरात, कधी थोडं अधिक लागून, तो मूळ पातळीजवळ उतरतो. तुमचा दाब बहुधा नेमका या चढत्या काळात मोजला गेला. पण १७ वरून २५ म्हणजे ८ चा फरक, तो सगळा पाण्याचाच असं मी म्हणणार नाही. दाब दिवसभर हलत असतो. निरोगी माणसातही ३ ते ६ आकड्यांची चढउतार होते, काचबिंदूत जास्त, आणि अनेकांचा दाब सकाळी वरच्या बाजूला असतो. तुमच्या आधीच्या तपासण्या संध्याकाळच्या होत्या का? आदल्या रात्रीचा थेंब नक्की डोळ्यात पडला होता का, की गालावरून ओघळला? तुंबलेली लघवी धरून, श्वास रोखून खुर्चीत बसला होता का? हे सगळे प्रश्न त्या २५ च्या मागे उभे आहेत. डॉक्टरांनी लगेच औषध न वाढवता पंधरवड्याने बोलावलं ते योग्यच केलं. फक्त तुम्ही पाणी पिऊन आला होता हे त्यांना सांगितलं होतं का? बहुतेक नसावं, कारण कुणाच्याच मनात ते येत नाही.

लिटरभर पाणी पोटात गेल्यावर डोळ्यात घडतं काय? बहुतेकांना वाटतं की पाणी रक्तात गेलं, रक्तातून डोळ्यात शिरलं आणि डोळा फुगला. डोळ्याच्या पुढच्या भागात खेळणारा द्रव मिनिटाला अवघा दोन-अडीच मायक्रोलिटर तयार होतो. दिवसभराचा जमवला तरी चहाचा चमचा भरत नाही. पुढच्या कप्प्यात एका वेळी पाव मिलिलिटर द्रव असतो आणि सुमारे शंभर मिनिटांत तो पूर्ण बदलतो. खरी अडचण निचऱ्याच्या बाजूला होते. खाजनाची मानस, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या शेताच्या बांधातलं पाण्याचं दार, पाहिली असेलच. ओहोटीला शेतातलं पाणी मानशीतून आपसूक नदीत उतरतं. भरती चढली की बाहेरची पातळी वर येते, दारं मिटतात आणि आतलं पाणी वाट बघत थांबतं. शेतात नवं पाणी कुणी ओतलेलं नसलं तरी पातळी चढते. डोळ्यातला द्रव जाळीतून गाळून बुबुळाभोवतीच्या बारीक शिरांत उतरतो. भराभर पाणी प्यायल्यावर त्या शिरांमधला दाब वाढतो, म्हणजे बाहेर भरती येते. शिवाय पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर थोडा फुगून आतली जागा अडवतो, असंही एक स्पष्टीकरण आहे. रक्त पातळ होऊन पाणी डोळ्यात ओढलं जाण्याचा जुना सिद्धांत पूर्ण टाकून दिलेला नाही, पण एकट्याने तो पुरा पडत नाही. ज्याची जाळी मोकळी त्याची भरती लवकर ओसरते. काचबिंदूत जाळीच कमी वाहते, म्हणून चढ मोठा आणि उतार संथ.

हे समजलं की उपायही दिसतो. भरती येऊ द्यायची नाही, म्हणजे एका वेळी पाणी थोडं प्यायचं. पाणीच तोडण्याची गरज नाही. पाणी कमी करणं हा काचबिंदूचा उपचार नाही. शरीर कोरडं पडलं की डोळ्याचा दाब थोडा खाली येतो हे खरं, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते.

भाच्याचं म्हणणं आता घेऊ. पडद्याची नस, म्हणजे शीर, चोंदण्यामागे मुख्य कारणं असतात वाढलेलं बीपी, मधुमेह, वय आणि खुद्द काचबिंदू. शरीर फार कोरडं पडणं हे त्यात भर घालणारं कारण मानतात. त्यामुळे भाचा अगदीच चुकीचा नाही, पण उलट टोकही खरं नाही. ‘भरपूर पाणी प्या, डोळ्याचा रक्तपुरवठा वाढेल’ असे संदेश फिरतात, त्यांना अर्थ नाही. पडद्याच्या रक्तवाहिन्या स्वतःचा प्रवाह स्वतः सांभाळतात. दाब थोडा वरखाली झाला की त्या आकुंचन पावतात किंवा रुंदावतात आणि प्रवाह जवळपास तेवढाच ठेवतात. निरोगी माणसाने चार पेले जास्त प्यायले म्हणून पडद्याला जास्त रक्त मिळत नाही, आणि अर्ध्या तासाच्या चार आकड्यांच्या चढाने ते तुटतही नाही. काचबिंदूच्या डोळ्यात ही सांभाळण्याची ताकद कमी झालेली असू शकते. म्हणून तुमच्या बाबतीत एक साधा हिशोब करून बघू या.

डोळ्याला रक्त ढकलणारा जोर म्हणजे आत येणाऱ्या रक्ताचा दाब वजा डोळ्याचा दाब. बीपी १३०/८० धरा. सरासरी काढायची तर खालच्या आकड्यात दोन्हींच्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवतात: ८० अधिक १७, म्हणजे ९७. बसलेल्या माणसात डोळ्यापाशी त्याचा दोन तृतीयांश हिस्सा पोचतो असं धरतात, म्हणजे सुमारे ६५. डोळ्याचा दाब १८ वजा केला की उरतात ४७. आता पहाटेचं पाणी एका दमात प्यायल्याने दाब २३ झाला असं समजा. उरतात ४२. थोडी घट आहे, तासाभरात भरून निघते. आता डोळ्याचा दाब पुन्हा १८ वर ठेवा आणि बीपी १००/६० करा. सरासरी ७३, दोन तृतीयांश ४९, वजा १८, उरतात ३१. डोळ्याचा दाब तसूभरही न वाढता जोर एक तृतीयांशाने गेला, आणि बीपी वर येईपर्यंत तो परत येत नाही.

तुमच्या पत्रात सव्वा लिटर पाण्यापेक्षा मला जास्त खटकली ती उठतानाची अंधारी, ती यामुळेच. लिटरभर पाणी, कुळागरातला घाम आणि बीपीच्या दोन गोळ्या, त्यातली एक रात्री. झोपेत बीपी तसंही उतरतं. झोपल्यावर डोळ्याचा दाब बसल्यापेक्षा चढतो. काचबिंदूच्या नसेला (इथे नस म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारा मज्जातंतू) रात्र आधीच जड असते, त्यात बीपी फार खाली गेलं तर दुहेरी मार. घरी बीपीचं यंत्र असेल तर उद्याच हे करा: पाच मिनिटं आडवे पडा, बीपी घ्या. उभे राहा, एका मिनिटाने घ्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला, तर तो कागद घेऊन बीपीच्या डॉक्टरांकडे जा. ‘मला काचबिंदू आहे, रात्रीची गोळी सकाळी घेता येईल का, मात्रा कमी करता येईल का’ हे विचारा. स्वतः मात्र गोळी बंद करू नका. बीपीच्या काही गोळ्या लघवीतलं कॅल्शियमही कमी करतात आणि खड्यालाही आवर घालतात. तुमची त्यातली असेल तर ती सोडून नुकसानच होईल.

पाणी कसं बसवायचं ते आता. खडा पुन्हा होऊ नये म्हणून दिवसाची लघवी अडीच लिटरच्या आसपास व्हावी असं सांगतात. त्यासाठी सगळे द्रव मिळून तीन लिटर लागतात, एप्रिल-मेमध्ये कुळागरात राबत असाल तर जास्त. उठल्यावर एकच पेला, २०० मिली. तांब्या तोंडाला लावायचा नाही, पेल्यात ओतून घ्यायचं आणि बसून प्यायचं. अर्ध्या तासाने दुसरा पेला. उषःपानाची सवय मोडायची नसेल तर एवढ्यावर ठेवा. कामाला जाताना लिटरची बाटली न्या आणि तिच्यावर मार्करने चार रेघा ओढा. आठ ते बारा या वेळात तासाला एक रेघ खाली आली पाहिजे. दुपारी पेजेचा वाडगा किंवा सोलकढी, दोन्ही द्रवच आहेत. दोन ते पाचमध्ये आणखी अर्धा लिटर, संध्याकाळी दीड पेला, रात्री जेवताना पेलाभर, झोपण्याच्या तासभर आधी अर्धा-पाऊण पेला. दोन वेळचा चहा धरून तीन लिटर होतात. एका बैठकीत पाव लिटरच्या वर जाऊ नका. उन्हातून तहानलेले आलात तर कठीण वाटेल. पहिला पेला घोट घोट संपवा, पाय धुवा, पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा घ्या. तेवढ्यात तहानही निम्मी होते.

खरी फसगत होते ती दुपारी. सकाळी कामात बाटली विसरली जाते, मग तीन वाजता आठवण होते आणि राहिलेलं सगळं एकदम घशाखाली जातं. राहिलं तर राहिलं, भरपाई करू नका, पुढच्या तासापासून पुन्हा रेघ धरा. लघवी लिंबू सरबतासारखी फिकट असली की पुरतंय. महिन्यातून एकदा, घरी असाल त्या दिवशी, चोवीस तासांची लघवी जुन्या मापाच्या भांड्यात मोजून बघा. अंदाजाने ‘मी खूप पितो’ म्हणणाऱ्यांची ती अनेकदा दीड लिटर निघते. पेजेबरोबरचं मीठ, लोणचं, खारी मासळी आवरा. मिठाने लघवीतून कॅल्शियम जास्त जातं आणि तीन लिटरची निम्मी मेहनत वाया जाते.

(एक आपल्याकडचं. ‘दोन बिअर मारा, खडा पडतो’ असं सांगणारा प्रत्येक वाड्यावर एक तरी असतो. बिअरने लघवी वाढते आणि मागून शरीर कोरडं पडतं. दारूने डोळ्याचा दाब थोडा वेळ उतरतो हेही खरं, पण एवढ्या भांडवलावर कुणी त्याला औषध म्हणू नये.)

हृदय कमजोर असलेल्यांनी किंवा किडनीचं काम मंदावलेल्यांनी वरचा हिशोब स्वतःला लावू नये. त्यांचं माप त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलेलं असतं.

पुढच्या तपासणीला जाताना रात्रीचा थेंब नेहमीप्रमाणे घाला. नंबरच्या आधी दोन तास घोट-दोन घोटच पाणी, कॉफी नको, तिनेही दाब एखाद-दोन आकड्यांनी चढू शकतो. शर्टाचं वरचं बटण सैल ठेवा, लघवी करून बसा, मोजताना श्वास रोखू नका, पापण्या मिटून घेऊ नका. दाब हवेच्या फुंकरीने मोजला की बुबुळाला टेकवायच्या यंत्राने, हे विचारून तारीख-वेळेसह लिहून ठेवा. दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे शेजारी ठेवून घाबरण्यात अर्थ नसतो. आणि डॉक्टरांना सरळ सांगा: मागच्या वेळी बाटलीभर पाणी पिऊन थोड्याच वेळात दाब मोजला होता, आणि रोज पहाटे सव्वा लिटर प्यायची सवय होती. दुसरा भाग लपवू नका. तपासणीपुरतं शहाणं वागून घरी पुन्हा तांब्या तोंडाला लावला, तर डॉक्टरांना तुमचे चढ कधीच दिसणार नाहीत. आकडा पुन्हा वर आला तर सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन वेळा मोजायला सांगा. त्यानंतर दुसरं औषध लागलंच तर ते निमूट घ्या. तुम्हाला दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर आधी सांगा, कारण दुसरं म्हणून बऱ्याचदा दिलं जाणारं टिमोलॉल अशांना चालत नाही.

ज्यांना सोनोग्राफी आणि डोळे एकाच दिवशी उरकायचे असतात, त्यांनी डोळे आधी दाखवावेत, पाणी नंतर प्यावं.

थेंबाचंही थोडं बोलू. खालची पापणी खिशासारखी ओढायची, एकच थेंब, डोळा अलगद मिटायचा आणि नाकाशेजारचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. दुसरे ड्रॉप्स आले तर दोन्हींत दहा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. बाटली उघडली त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. रात्रीच्या थेंबांपैकी अनेक उघडल्यापासून चार ते सहा आठवडेच वापरायचे असतात आणि २५ अंशांच्या आत ठेवायचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात खिडकीतल्या बाटलीला ते तापमान कुठून मिळणार? वेष्टनावर तसं लिहिलं असेल तर फ्रिजच्या दारात ठेवा. उन्हात बसलेल्या जुन्या बाटलीनेही दाब वाढलेला असू शकतो.

आता शीर्षासन. पत्रात ते तुम्ही एका शब्दात उरकलंत आणि पाण्यावर पानभर लिहिलंत. प्रमाण उलटं आहे. पाण्याने दाब काही आकड्यांनी चढतो, शीर्षासनात तो जवळजवळ दुप्पट होतो. १८ चा ३५ च्या घरात. खाली उतरल्यावर काही मिनिटांत खाली येतो, पण रोजच्या रोज, तेही पाण्याची भरती चढलेली असताना, हे काचबिंदूच्या नसेवर लादू नका. शीर्षासन आणि सर्वांगासन बंद. डोकं हृदयाच्या खाली जाणाऱ्या बाकीच्या आसनांतही दाब चढतो, तीही सोडा. बसून, उभ्याने, कुशीवर करायची कितीतरी आसनं उरतात. तुमच्या योगशिक्षकांनी ‘शीर्षासनाने डोळ्यांना रक्त मिळतं’ असं सांगितलं असेल. काचबिंदू नसलेल्या माणसाने त्यावर वाद घालत बसावं, तुम्ही नको. झोपताना पालथे पडून डोळा उशीत दाबू नका, डोकं थोडं उंच ठेवा.

खडा आणि काचबिंदू एकाच माणसाला असले की औषधांची गाठ पडते. दोन्हीकडच्या डॉक्टरांना दुसरं दुखणं माहीत असायलाच हवं. डोळ्याचा दाब फार चढला तर अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या देतात, त्यांनी खडे होण्याचा धोका वाढतो. उलट बाजूने, खड्याच्या कळा थांबवायला दिली जाणारी हायोसीनसारखी काही औषधं अरुंद कोनाच्या, म्हणजे निचऱ्याच्या जाळीकडे जाणारी फट अरुंद असलेल्या, डोळ्यात दाब अचानक चढवू शकतात. खडा उतरायला देतात त्या टॅमसुलोसिनमुळे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडतो, सर्जनला ते आधी कळलं तर तो तयारीने उतरतो. म्हणून पुढच्या भेटीत एक प्रश्न नक्की विचारा: ‘माझा कोन उघडा आहे की अरुंद?’ गोनिओस्कोपी, म्हणजे हा कोन बघण्याची तपासणी, झाली असेल तर उत्तर फाइलमध्येच असेल. ते एका कागदावर, बीपीच्या गोळ्यांच्या नावांखाली, लिहून पाकिटात ठेवा. रात्री कळा येऊन अनोळखी डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा तो कामी येईल. डोळा लाल होऊन कपाळापर्यंत ठणका, दिव्याभोवती रंगीत कडी, उलट्या, असं कधी झालं तर ते पित्त समजून सोडा-लिंबू घेत बसू नका, त्याच तासाला निघा. आणि चाळिशी उलटलेल्या तुमच्या भावंडांना एकदा डोळे तपासून घ्यायला सांगा, काचबिंदू घराण्यात फिरतो.

मुलीलाही रागावू नका, तिने वाचलं ते खोटं नव्हतं. किती पाणी, किती वेळात, आणि दाब किती वेळ टिकतो, एवढं मात्र त्यात राहून गेलं होतं.

नीरो चालेल. डोळ्याची हरकत नाही, पेलाभर, सावकाश. साखर वाढलेली असेल तर तोही अर्धा. खडा मात्र बघून घ्या: बोंडूत क जीवनसत्त्व भरपूर असतं आणि शरीरात त्यातल्या काहीचं ऑक्सलेट बनतं. गेल्या वर्षीच्या खड्याची तपासणी झाली असेल आणि तो ऑक्सलेटचा निघाला असेल, तर हंगामात रोज तांब्याभर पिऊ नका. आठवड्यात एक-दोनदा, भट्टीवरून ताजा आणलेला, आणि त्यानंतर अर्ध्या तासाने एक पेला साधं पाणी.